वाचकांचे प्रश्न : दिल्लीची लाल रेघ

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. महाराष्ट्रातून बरेच वाचक त्या निमित्ताने राजधानीत जाऊन आले आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत दिल्लीविषयीची पत्रे वाढत गेली. त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षे त्या शहरात काढली, त्यामुळे उत्तरांत थोडा पक्षपात आढळला तर तो समजून घ्यावा.

प्रश्न : संमेलनासाठी आम्ही चौघे सांगलीहून गेलो होतो. स्टेडियमच्या आसपास रुंद रस्ते, दुतर्फा झाडी आणि मोठाल्या आवारांतले बंगले दिसले. मुक्काम मात्र पहाडगंजात होता आणि तिथे सायकलरिक्षा अंगाला घासून जात होत्या. अंतर चार-पाच किलोमीटरच असेल. यांतली खरी दिल्ली कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, पण एकीची वाढ होत होत दुसरी झाली, असे मात्र समजू नये. आपण मुक्काम केलात ते पहाडगंज हे शाहजहानाबादच्या तटाबाहेरचे, अजमेरी दरवाजाजवळचे जुने बाजारपेठेचे ठिकाण. शाहजहानने १६३९ मध्ये नव्या राजधानीची पायाभरणी केली आणि १६४८ मध्ये तो लाल किल्ल्यात राहायला आला. आज आपण ज्याला ‘जुनी दिल्ली’ म्हणतो ते हेच तटबंदीचे शहर. ते मुळात दाटीवाटीचे आणि बकाल होते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. चांदणी चौकाच्या मधून कालवा वाहत होता, आणि हवेल्यांना चौक व बागा होत्या. १८५७ नंतर इंग्रजांनी शहरातल्या लोकांना बाहेर काढले, किल्ल्याभोवतीची वस्ती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा हवी म्हणून पाडून टाकली, किल्ल्याच्या आतले बरेचसे महालही पाडून तिथे बराकी उभ्या केल्या, आणि पुढच्या दशकात यमुनेवर लोखंडी पूल बांधून रेल्वे थेट तटाच्या आत आणली. उमरावांच्या हवेल्या हातोहात विकल्या गेल्या, त्यांची गोदामे झाली, त्यांच्या खोल्या-खोल्यांतून बिऱ्हाडे आली. अशा विभागलेल्या हवेलीला किंवा बाजाराच्या चौकाला तिथे ‘कटरा’ म्हणतात. म्हणजे आपल्याला दिसलेली दाटी ही शाहजहानच्या नगररचनेची नव्हे. ती बरीचशी त्यानंतरच्या तोडफोडीची आणि दुर्लक्षाची आहे.

तालकटोऱ्याभोवतीची दिल्ली जन्मली ती १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात. पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली आणि तीन दिवसांनी, दरबार भरला होता त्या उत्तरेकडच्या मैदानाजवळच, नव्या शहराच्या कोनशिलाही बसवल्या. पुढे १९१२ मध्ये नेमलेल्या समितीने पाहणी केली तेव्हा ती जागा पुराच्या पाण्याची, हिवतापाची आणि अपुरी ठरली. मग शहर दक्षिणेला रायसीनाच्या खडकाळ टेकडीवर नेण्याचे ठरले आणि कोनशिलाही मागाहून तिकडे न्याव्या लागल्या. रायसीना, मालचा यांसारख्या गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदांच्या हाताखाली जवळजवळ दोन दशके काम चालले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. या शहरात घराचा आकार, त्याचे आवार आणि व्हाइसरॉयच्या वाड्यापासूनचे अंतर हे सगळे माणसाच्या हुद्द्यावर ठरलेले होते. साहेबांना एकरांच्या आवारातले बंगले मिळाले, आणि कारकुनांना गोल मार्केटच्या बाजूच्या चाळवजा ओळी.

दोन्ही शहरे जोडण्याचा विचार नकाशावर होता. आजचा संसद मार्ग सरळ पुढे वाढवला तर तो जामा मशिदीच्या दिशेने जातो. प्रत्यक्षात तो कॅनॉट प्लेसपाशी थांबला. पुढे रेल्वेचे रूळ आणि स्टेशन आले, पलीकडे रामलीला मैदानाची मोकळी जागा राहिली, आणि जे तुटले ते तुटलेलेच राहिले. नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ४३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार २.५८ लाख लोक राहत होते, आणि २००१ मध्ये तिथे ३.०२ लाख होते. सगळ्या दिल्लीची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत १.३९ कोटींवरून १.६८ कोटींवर गेली. मधल्या बागेत माणसे कमी होत गेली आणि भोवती गर्दी वाढत गेली, असा हा हिशेब आहे. टपालतिकिटांवर आणि दूरदर्शनच्या पडद्यावर आपल्याला जी दिल्ली दिसते ती या ४३ चौरस किलोमीटरची. राज्याचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. दिल्लीची सात शहरे आणि महंमद तुघलकाने दौलताबादला नेलेली राजधानी हे आम्ही दरवर्षी सांगतो. पण पुन्हा पुन्हा त्याच जागी राजधानी का, असे एका विद्यार्थ्याने विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : विद्यार्थ्याला भूगोलाचा नकाशा उघडायला सांगा. अरवलीची डोंगररांग राजस्थानातून ईशान्येकडे येत येत दिल्लीत संपते. तिथे तिला नुसते ‘रिज’ म्हणतात. रिजचे उत्तर टोक वजीराबादजवळ यमुनेला भिडते. एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये तिकोनी सपाट जमीन, अशी ही जागा आहे. पंजाबातून गंगेच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर नाके बसवायचे तर याहून सोयीची जागा सापडणार नाही. बांधकामाला दगड रिजवर आहे आणि नदी ओलांडायला उतार आहेत.

सात शहरे मात्र एकमेकांच्या डोक्यावर बांधलेली नाहीत. ती या तिकोनात सरकत गेली. लालकोट आणि मेहरौली दक्षिणेला खडकावर, अलाउद्दीन खिलजीची सिरी त्याच्या ईशान्येला, तुघलकाबाद आणखी पूर्वेला, फिरोजशहाचा कोटला थेट नदीकाठी, आणि शाहजहानाबाद सर्वांत उत्तरेला. खडकावरच्या शहरांना पाण्याची नड होती. इल्तुतमिशचा हौज-इ-शम्सी, अलाउद्दीनने खोदवलेला हौज खास आणि दक्षिण दिल्लीतल्या बावड्या त्याची साक्ष देतात. तुघलकाबाद इतक्या लवकर ओस पडले त्याचे एक कारण पाण्याची टंचाई हेच सांगितले जाते. नदीकडे सरकणे हा त्यावरचा उपाय होता. दौलताबादची हकीकत सांगताना एवढे जरूर सांगावे की, १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा दिल्ली शहर पार ओस पडले, हे वर्णन बरेच अतिरंजित आहे. दरबार, उमराव आणि सुफी मंडळी गेली, शहर राहिले. खुलताबादच्या दर्ग्यांना आपण भेट देतो त्यांतल्या कित्येकांचे मूळ त्या स्थलांतरात आहे.

प्रश्न : मी नगररचनेचा विद्यार्थी आहे. दिल्लीविषयी वाचताना ‘अनधिकृत कॉलनी’, ‘लाल डोरा’, ‘पुनर्वसन कॉलनी’ असे शब्द येतात. एकाच शहरात वस्त्यांचे इतके कायदेशीर प्रकार कसे निर्माण झाले? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : या सर्व पत्रांत मला आवडलेला प्रश्न हा, म्हणून त्याला जागाही जास्त देतो.

लाल डोऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. १९०८ च्या सुमारास महसुली मोजणी झाली तेव्हा गावाची राहती वस्ती आणि शेतजमीन यांच्यामध्ये नकाशावर लाल शाईची रेघ ओढली गेली. रेघेच्या आतल्या घरांवर सारा नव्हता. आपण ज्याला गावठाण म्हणतो तेच हे. पुढे शहर पसरले, शेतजमीन सरकारने घेतली आणि रेघेच्या आतले गाव जसेच्या तसे मागे राहिले. १९६३ मध्ये या गावांना इमारतींच्या नियमांतून सूट मिळाली. परिणामी चहूबाजूंनी आखीव वसाहती आणि मध्येच पाच-सहा मजली अरुंद इमारतींचे बेट, असे दृश्य दिल्लीत जागोजागी दिसते. हौज खास व्हिलेजमध्ये त्या सवलतीतून कपड्यांची महागडी दुकाने आणि उपाहारगृहे आली; मुनिरका, कटवारिया सराय इथे विद्यार्थ्यांच्या खोल्या आल्या. मुंबई-पुण्यातली गावठाणे पाहिलेल्या माणसाला हे कोडे वाटू नये.

दुसरा धक्का फाळणीचा. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या ९.१८ लाख होती आणि १९५१ मध्ये ती १७.४४ लाख झाली. पश्चिम पंजाबातून जवळजवळ पाच लाख निर्वासित आले, आणि त्याच काळात दिल्लीतले लाखो मुसलमान शहर सोडून गेले, हे दुसरे वाक्य पहिल्याबरोबर लिहायला आपण विसरतो. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर यांच्या आवारांत छावण्या पडल्या. मग सरकारने राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर, मालवीयनगर अशा पुनर्वसन वसाहती आखल्या, निर्वासितांना लहान भूखंड किंवा एकमजली घरे दिली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना साठच्या दशकात आज चित्तरंजन पार्क म्हणून ओळखली जाणारी जागा मिळाली. आजच्या दिल्लीचे बोलणे, खाणे आणि व्यापाराची तडफ ही शाहजहानाबादपेक्षा या वसाहतींनी जास्त घडवली आहे, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि पाठ्यपुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात. १९५५ च्या अखेरीस नजफगड नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत मागे आले आणि शहरात काविळीची मोठी साथ पसरली. सुमारे तीस हजार लोक आजारी पडले. वेडेवाकडे पसरणारे शहर आवरले पाहिजे, ही निकड तेव्हा सर्वांना पटली. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पहिला मास्टर प्लॅन लागू झाला. त्याआधीच हजारो एकर शेतजमीन संपादनासाठी अधिसूचित करण्यात आली होती. धोरण असे होते की शहराच्या वाढीची सारी जमीन सरकारने विकत घ्यावी, विकसित करावी आणि भाडेपट्ट्याने वाटावी. खासगी बिल्डरला मध्ये जागाच नको. सट्टेबाजी थांबवण्याचा हेतू चांगला होता. पण एकच विक्रेता आणि त्याच्याकडे जाणारी रांग, असे चित्र त्यातून उभे राहिले. १९७९ च्या नोंदणी योजनेत सुमारे १.७ लाख लोकांनी डीडीएच्या घरासाठी नावे नोंदवली, आणि त्यांतल्या कित्येकांनी घराची वाट पाहण्यात दशके घालवली.

जे रांगेत उभे राहू शकत नव्हते ते रांगेबाहेर गेले. अधिसूचित जमीन कायदेशीर विकता येत नव्हती, म्हणून शेतकऱ्याकडून ‘पॉवर ऑफ अटर्नी’ आणि साध्या करारावर ती घेऊन लहान भूखंड पाडून विकणारे दलाल उभे राहिले. तिथे वस्ती आधी आली. वीज, नळ आणि गटार मागाहून, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. दक्षिणेतला संगम विहार हे याचे ठळक उदाहरण. याच ‘कच्च्या’, म्हणजे अनधिकृत, कॉलन्या. १९७७ मध्ये पाचशेहून अधिक कॉलन्या नियमित करण्यात आल्या. २०१९ मध्ये संसदेने कायदा करून १,७३१ कॉलन्यांतील रहिवाशांना मालकीहक्क देण्याची तरतूद केली. मधल्या काळात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पॉवर ऑफ अटर्नी’वरच्या विक्रीने मालकी मिळत नाही असा निकाल दिला होता, त्यामुळे लाखो कुटुंबे आपल्याच घरात कागदाविना राहत होती.

झोपडपट्ट्यांची कथा याहून कठोर आहे. आणीबाणीत शहराच्या मध्यभागातून लक्षावधी लोकांना उचलून मंगोलपुरी, त्रिलोकपुरी अशा त्या काळच्या टोकाच्या जागी लहान भूखंडांवर नेऊन टाकले. त्यांनाही ‘पुनर्वसन कॉलनी’च म्हणतात. म्हणजे लाजपतनगर आणि त्रिलोकपुरी यांना कागदावर जवळपास एकच नाव आहे. एकीत घर देण्यासाठी आणले, दुसरीत घर पाडून आणले. नियोजन खात्याच्या भाषेत हा फरक दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगितला.

२००० सालच्या एका सरकारी अंदाजानुसार नियोजित वसाहतींत शहराचे जेमतेम चौथाई लोक राहत होते. आपल्या अभ्यासक्रमात मास्टर प्लॅनचे रंगीत नकाशे लावतील तेव्हा हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

प्रश्न : मराठ्यांनी दिल्लीवर अंमल गाजवला असे आपण अभिमानाने सांगतो. मग शहरात त्याची काय खूण आहे? आम्हाला काहीच दिसले नाही. (एक निवृत्त अधिकारी, नागपूर)

उत्तर : दिसणार नाही, कारण बांधले फारसे काही नाही. जिथे संमेलन भरले त्या तालकटोऱ्याच्या परिसरात मार्च १७३७ मध्ये बाजीरावाची फौज येऊन ठाकली होती. जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या पाठबळावर शाहआलम दुसरा दिल्लीत परतला, आणि गुलाम कादिर या रोहिला सरदाराने १७८८ मध्ये त्या बादशहाचे डोळे काढल्यानंतर मराठी फौजांनी लाल किल्ला पुन्हा ताब्यात घेतला तो १८०३ पर्यंत. त्या वर्षी ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा इंग्रजांच्या जनरल लेकने पराभव केला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे, आणि पटपडगंज हे नाव आज दिल्लीकरांना उंच गृहनिर्माण सोसायट्यांमुळे माहीत आहे. एक खूण मात्र ‘नसण्याची’ आहे : लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी काढून वितळवले. तिथले मार्गदर्शक हे आवर्जून सांगतात, आणि मराठी पर्यटक त्या वेळी दुसरीकडे पाहतात.

प्रश्न : ठाण्यात जन्म गेला, त्यामुळे लोकलशिवाय मोठे शहर मला कल्पनेतही येत नाही. दिल्लीत लोकल का नाही? आणि उंच इमारती सगळ्या गुरुग्रामला आणि नोएडालाच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुंबई दोन्ही बाजूंनी समुद्र-खाडीने आवळलेली आहे, म्हणून ती उत्तरेला रुळांच्या काठाकाठाने लांबत गेली. आधी रूळ, मग स्टेशन, मग वस्ती, हा तिथला क्रम. दिल्लीला तसा अडसर नाही; नदीही ओलांडून ती पूर्वेला गेली. ती तेलाच्या थेंबासारखी चहूकडे पसरली आणि पसरताना रुळांना नव्हे, तर रस्त्यांना धरून राहिली. लोकल अगदीच नव्हती असे नाही. रिंग रेल्वे नावाचा वर्तुळाकार मार्ग आहे, तो मालगाड्यांसाठी होता आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी त्यावर प्रवासी गाड्या वाढवल्या गेल्या. पण स्टेशने वस्तीपासून फटकून, उतरल्यावर पुढे बस नाही, म्हणून ती कधी दिल्लीच्या अंगवळणी पडली नाही. शहराला खरी रेल्वे मिळाली ती डिसेंबर २००२ मध्ये, शाहदरा ते तीस हजारी या पहिल्या मेट्रो मार्गाने. आज मेट्रोचे जाळे साडेतीनशे किलोमीटरहून मोठे आहे. रोज ती वापरणाऱ्या माणसाला दिल्ली पहिल्यांदाच एक शहर वाटते, एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे.

उंच इमारतींचे उत्तर वर पुण्याच्या विद्यार्थ्याला दिले त्यातच आहे. पन्नासच्या दशकापर्यंत दक्षिण दिल्लीतल्या साउथ एक्स्टेंशनसारख्या वसाहती डीएलएफ या खासगी कंपनीने वसवल्या होत्या. डीडीएच्या धोरणाने खासगी विकासकाला दिल्लीचे दार बंद झाले. हरियाणाने १९७५ च्या कायद्याने खासगी वसाहतकारांना परवाने द्यायला सुरुवात केली आणि तीच कंपनी हद्दीपलीकडे गुडगावात गेली. उत्तर प्रदेशने १९७६ मध्ये नोएडा उभारले; तिथे जमीन प्राधिकरणाचीच, पण राज्य दुसरे. पहिल्या मास्टर प्लॅनमध्ये दिल्लीभोवती सुमारे मैलभर रुंदीचा हरितपट्टा आखला होता. तो कच्च्या कॉलन्यांनी आणि फार्महाउसांनी आतून खाल्ला, आणि त्याच्या बाहेर मनोरे उभे राहिले. दिल्लीच्या भूखंडांवरच्या वसाहतींत मात्र अजून मजल्यांची मर्यादा चारच्या आसपास आहे.

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ओल्ड राजेंद्रनगरला जाणार आहे. खोली पाहताना काय पाहावे? पत्तेही कळत नाहीत : ब्लॉक, पॉकेट, बरसाती म्हणजे काय? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : ब्लॉक म्हणजे वसाहतीचा इंग्रजी अक्षराने ओळखला जाणारा विभाग, आणि पॉकेट म्हणजे डीडीएच्या वसाहतींतला त्याहून लहान गट. रिक्षावाल्याला रस्त्याचे नाव सांगून उपयोग होत नाही. ब्लॉक, घरक्रमांक आणि जवळची खूण सांगावी. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकटी खोली. मूळ एकमजली घरावर पावसाळ्यात निवारा म्हणून ती बांधत. पुढे ती तरुण भाडेकरूंची हक्काची जागा झाली. आता तीही दुर्मीळ होत चालली आहे, कारण निर्वासितांना मिळालेली ती लहान घरे पाडून त्या जागी तळघरासह चार मजल्यांचे ‘बिल्डर फ्लोअर’ उभे राहिले आहेत.

आपल्या चिरंजीवांना नेमके इथेच सावध राहायला सांगा. एका कुटुंबासाठी आखलेल्या भूखंडावर आता वीस-पंचवीस मुले राहतात. गटारे आणि गल्ल्या मात्र जुन्याच मापाच्या. जुलै २०२४ मध्ये त्याच भागात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तळघरात राहू नये, तळघरातल्या अभ्यासिकेत बसू नये, जिना किती रुंद आहे आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का हे पाहावे. मेट्रोने अर्ध्या तासावर थोडे लांबचे घर मिळत असेल तर ते घ्यावे.

प्रश्न : दिल्लीत नेमके राज्य कोणाचे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : रस्त्यावर खड्डा पडला तर तो कोणत्या खात्याचा हे शोधण्यातच पावसाळा संपतो, एवढ्यावरून अंदाज यावा. १९५२ मध्ये विधानसभा आली, १९५६ मध्ये गेली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने ती परत आली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडे राहिले. जमीन केंद्राकडे म्हणजे डीडीए केंद्राकडे. महानगरपालिका २०१२ मध्ये तीन तुकड्यांत विभागली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक केली. नवी दिल्ली नगरपरिषद आणि छावणी मंडळ वेगळेच. मतदार पाणी-विजेसाठी एका सरकारला निवडतो आणि त्याच्या घराखालची जमीन दुसऱ्याच सरकारच्या हाती असते. वर कॉलन्यांविषयी जे लिहिले त्यातला निम्मा गुंता या व्यवस्थेतून आलेला आहे.

प्रश्न : तीन दिवस दिल्लीत होतो, यमुना एकदाही दिसली नाही, फक्त मेट्रोच्या खिडकीतून क्षणभर. नदीकाठचे शहर आणि नदी कुठे? (एक वाचक, वाई)

उत्तर : वाईच्या माणसाला हे खटकणारच, तिथे घाटावरच गाव सुरू होते. दिल्लीतही पूर्वी तसेच होते. लाल किल्ल्याची पूर्वेची भिंत नदीला लागून होती आणि बादशहा झरोक्यातून खाली वाळवंटात जमलेल्या लोकांना दर्शन देत असे. पुढे पात्र पूर्वेला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून आज रिंग रोड जातो. काठावर वीजकेंद्रे, स्मशाने, बसआगार, नेत्यांच्या समाध्या आणि राखेचे ढीग आले. पूरक्षेत्रातच २०१० च्या राष्ट्रकुल खेळांचे क्रीडाग्राम उभे राहिले. वजीराबादला शहराला पिण्यासाठी पाणी उचलले जाते, आणि त्यानंतर लगेच नजफगड नाला येऊन मिळतो. तिथून ओखल्यापर्यंतचे सुमारे २२ किलोमीटर म्हणजे यमुनेच्या लांबीचे दोन टक्केही नाहीत, पण नदीच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा त्यातच मिसळतो.

नदी मात्र आपली जुनी जागा विसरलेली नाही. जुलै २०२३ मध्ये तिची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ च्या पुराचा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला, आणि पाणी रिंग रोड ओलांडून लाल किल्ल्याच्या भिंतीला जाऊन लागले.

पुन्हा गेलात तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे काश्मिरी गेट मेट्रो स्टेशनवर उतरून निगमबोधच्या बाजूच्या यमुना घाटावर जावे. सायबेरियाकडून आलेले कुरव पक्षी धुक्यात हजारोंनी उतरलेले असतात आणि नावाडी थोड्या पैशांत पाण्यात घेऊन जातात. वासाची तयारी ठेवावी.